मार्क मॅकॉर्मॅक आणि खेळाडूच्या नावाचे मोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू मैदानापेक्षा जाहिरातींतून जास्त कमावतो, याचे आज कुणालाच नवल वाटत नाही. ही व्यवस्था उभी करणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते ते अमेरिकी वकील मार्क मॅकॉर्मॅक यांचे. त्यांची कंपनी आयएमजी आपल्याकडे आयपीएलमुळे अनेकांना ऐकून माहीत आहे, पण तिच्या मागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्यांच्या कारकिर्दीबद्दल हमखास पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

मार्क मॅकॉर्मॅक कोण होते?

जन्म ६ नोव्हेंबर १९३०, शिकागो. मृत्यू १६ मे २००३, न्यूयॉर्क. शिक्षणाने वकील. १९६० मध्ये क्लीव्हलंड शहरात त्यांनी ‘इंटरनॅशनल मॅनेजमेंट ग्रुप’, म्हणजेच आयएमजी, ही कंपनी सुरू केली. खेळाडूंचे करार, स्पर्धांचे आयोजन, प्रायोजक मिळवणे, दूरचित्रवाणीचे हक्क विकणे आणि कार्यक्रमांची निर्मिती ही सगळी कामे एका छपराखाली करणारी त्या तोडीची दुसरी कंपनी तेव्हा नव्हती. १९९० मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने त्यांना क्रीडाजगतातला सर्वांत सामर्थ्यवान माणूस म्हटले. ज्या माणसाने एकही मोठी स्पर्धा जिंकली नाही, कुठल्या संघाची मालकी मिळवून नाव केले नाही, त्याच्याबद्दल हे म्हटले गेले.

ते स्वतः खेळायचे का?

हो, आणि बऱ्यापैकी चांगले. लहानपणी गाडीची धडक बसून त्यांच्या कवटीला इजा झाली होती. त्यामुळे धक्काबुक्कीचे खेळ बंद झाले आणि वडिलांनी त्यांना गोल्फकडे वळवले. ‘विल्यम अँड मेरी’ कॉलेजच्या संघातून ते खेळले, पुढे येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि क्लीव्हलंडमधल्या एका वकिली कंपनीत रुजू झाले. १९५८ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेसाठी ते पात्रही ठरले होते. वरच्या दर्जाचे गोल्फपटू किती पुढे आहेत हे त्यांनी मैदानावर उभे राहून पाहिले होते. त्यांचे मोठेपण कशात आहे आणि त्या मानाने त्यांच्या हाती किती कमी पैसा पडतो, हे वकिलाच्या नजरेला दिसायला मग वेळ लागला नाही.

गोल्फपटू अर्नोल्ड पामर आणि मॅकॉर्मॅक यांचा तो प्रसिद्ध करार नेमका काय होता?

दोघांची ओळख कॉलेजच्या गोल्फ स्पर्धांपासूनची. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी मॅकॉर्मॅक एका सहकाऱ्याबरोबर गोल्फपटूंसाठी प्रदर्शनी सामने ठरवून देण्याचे काम करत होते. पामर यांना त्याहून अधिक काही हवे होते. करार वाचणारा, पैशाचा हिशेब पाहणारा, आलेल्या मागण्यांना होकार-नकार देणारा आणि फक्त आपलेच काम पाहणारा माणूस त्यांना हवा होता. दोघांनी हात मिळवले आणि काम सुरू झाले. या हस्तांदोलनाची गोष्ट पुढे दंतकथेसारखी सांगितली गेली.

वेळ अचूक साधली गेली होती. पामर यांनी १९६० मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. ते देखणे होते, बेधडक खेळायचे, प्रेक्षकांशी नजर मिळवून बोलायचे. त्याच काळात अमेरिकेत घरोघरी टीव्ही पोहोचत होता. पामर यांचे जाहिरातींचे उत्पन्न वर्षाला सुमारे ६ हजार डॉलर होते. ते दोनच वर्षांत ५ लाख डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले जाते.

त्याआधी खेळाडूंचे करार कसे असायचे?

एकतर्फी. पामर यांचा विल्सन या क्रीडासाहित्य कंपनीबरोबरचा जुना करार पाहिला तरी कल्पना येते. नाव त्यांचे, विक्री कंपनीची, पण हाती पडणारी रक्कम किरकोळ, आणि इतर ठिकाणी नाव वापरायचे म्हटले की पाय अडकलेले. मॅकॉर्मॅक यांनी वाटाघाटी करून पाहिल्या, कंपनीच्या वरिष्ठांनी दाद दिली नाही. अखेर १९६३ मध्ये पामर त्या करारातून बाहेर पडले आणि स्वतःच्या नावाने गोल्फचे साहित्य विकू लागले.

या प्रकरणातून मॅकॉर्मॅक जे शिकले ते पुढच्या प्रत्येक करारात दिसते. मुदत मर्यादित ठेवायची, देश आणि वस्तू यांचे हक्क वेगवेगळे विकायचे आणि खेळाडूचे नाव कधीही कायमचे कुणाच्या हवाली करायचे नाही.

मग त्यांनी नेमके नवे काय केले? जाहिराती तर आधीही होत्याच.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा गाभा याच प्रश्नात आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

गोल्फमधला सर्वोत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक आठवडे हरतो. जाहिरात ‘हा विजेता आहे’ या एका गोष्टीवर उभी केली, तर पुढच्या पराभवाबरोबर ती कोसळते. मॅकॉर्मॅक यांनी म्हणून विजय विकलाच नाही. त्यांनी माणूस विकला. पामर यांचा मोकळेपणा, कष्टाळू घरातून आलेला साधेपणा, भरवसा वाटावा असा चेहरा. हे गुण गुणफलकावर अवलंबून नव्हते. पामर यांचे बोधचिन्ह पाहा : चार रंगांची उघडी छत्री. त्यात चषक नाही, स्पर्धेचे नाव नाही, सालही नाही. ती छत्री शर्टावर, मोज्यांवर, गोल्फच्या पिशवीवर सारखीच शोभली आणि जपानमध्येही कपड्यांवर खपली.

आता आकडे बघा. पामर यांनी शेवटची ‘मेजर’, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, १९६४ मध्ये जिंकली आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतला शेवटचा विजय १९७३ मध्ये मिळवला. त्या टूरवरची त्यांची आयुष्यभराची बक्षिसाची कमाई भरते सुमारे १८.६ लाख डॉलर. पण वयाची ऐंशी ओलांडल्यावरही त्यांच्या नावावर दरवर्षी कोट्यवधी डॉलर येत राहिले. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना प्रत्यक्ष खेळताना न पाहिलेल्या पिढ्या त्यांच्या नावाच्या वस्तू वापरत होत्या.

खेळाडूचे उमेदीचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. शरीर थकले की कमाई थांबते, ही भीती प्रत्येक घरात असते. त्या भीतीवर एवढे चोख उत्तर मॅकॉर्मॅक यांच्याआधी कुणी दिले नव्हते. त्यांच्याबद्दल मला वाटणारा आदर मुख्यतः यासाठी आहे.

‘बिग थ्री’ म्हणजे कोण?

अर्नोल्ड पामर, दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेअर आणि जॅक निक्लॉस. तिघेही मॅकॉर्मॅक यांचे ग्राहक. १९६२ च्या यूएस ओपनमध्ये पामर आणि निक्लॉस बरोबरीत राहिले आणि निर्णयासाठी आणखी एक फेरी खेळावी लागली. निक्लॉस जिंकले. कुणीही जिंकले असते तरी एजंट एकच होता. या तिघांना एकत्र आणून प्रदर्शनी सामने आणि टीव्हीवरच्या मालिका झाल्या. तिघांची स्पर्धा हीच विकण्याजोगी गोष्ट बनली.

निक्लॉस मात्र १९७० च्या सुमारास वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला. पामर हे कायम पहिले ग्राहक राहणार, ही जाणीव त्यामागे होती असे मानले जाते. एकाच एजंटाकडे दोन महान खेळाडू असले की हा पेच कधी ना कधी येतोच.

ते जगातले पहिले क्रीडा-एजंट होते का?

नाही. १९२० च्या दशकात ख्रिस्टी वॉल्श हे बेसबॉलपटू बेब रूथ यांचे लेख, जाहिराती आणि पैसा सांभाळत. सी. सी. पाइल यांनी १९२५ मध्ये अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू रेड ग्रेंज यांचा शिकागो बेअर्स संघाबरोबर गाजलेला करार घडवला आणि १९२६ मध्ये टेनिसपटू सुझान लाँग्लेन यांना व्यावसायिक दौऱ्यावर नेले. पण हे एकांडे शिलेदार होते. ताऱ्याची चमक गेली की त्यांचे कामही आटोपायचे. मॅकॉर्मॅक यांनी त्या कामाची संस्था केली. कायदा, कर, गुंतवणूक, जाहिरात, प्रक्षेपण यांसाठी वेगवेगळी माणसे नेमली आणि एक खेळाडू निवृत्त झाला तरी चालत राहील असे यंत्र उभे केले.

गोल्फशिवाय इतर खेळांत त्यांनी काय केले?

१९६८ हे साल महत्त्वाचे. फ्रान्सच्या ज्याँ-क्लॉद किली यांनी ग्रेनोबलच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची तीन सुवर्णपदके जिंकली. मॅकॉर्मॅक यांनी त्यांना अमेरिकेत शेवरोलेसारख्या मोटारींच्या जाहिरातींत नेऊन बसवले. फॉर्म्युला वनचे जॅकी स्टुअर्ट त्याच सुमारास आले. टेनिसमध्ये त्याच वर्षी व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या आणि रॉड लेव्हर आयएमजीकडे आले.

ब्यॉन बोर्ग यांच्या बाबतीत हा विचार टोकाला गेला. कपडे एका कंपनीचे, रॅकेट दुसरीची, कपाळावरच्या पट्टीवर तिसरे नाव, बाहीवर चौथे. अंगावरची प्रत्येक जागा स्वतंत्रपणे विकता येते हे तिथे दिसून आले. आज क्रिकेटपटूच्या बॅटवर, हेल्मेटवर आणि बाहीवर वेगवेगळी नावे दिसतात, ती याच मार्गाने आलेली.

पुढे ख्रिस एव्हर्ट, पीट सॅम्प्रस, मायकेल शूमाकर अशी यादी वाढत गेली. १९८७ मध्ये कंपनीने फ्लोरिडातली निक बोलेटिएरी यांची टेनिस अकादमी विकत घेतली, म्हणजे खेळाडू घडण्याच्या वयापासूनच कंपनीच्या नजरेत आले. टायगर वूड्स १९९६ मध्ये व्यावसायिक झाले तेव्हा आयएमजीने त्यांचा नायकेबरोबर पाच वर्षांसाठी सुमारे ४ कोटी डॉलरचा करार केला. एकही व्यावसायिक स्पर्धा न जिंकलेल्या २० वर्षांच्या मुलाला ही रक्कम मिळाली, यावर तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. वर्षभरात तो मुलगा मास्टर्स जिंकून गेला.

विम्बल्डनशी त्यांचा संबंध काय?

मॅकॉर्मॅक यांना केवळ तारे विकणारा माणूस समजणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

साठीच्या दशकाच्या अखेरीस ऑल इंग्लंड क्लबने आपले व्यापारी काम त्यांच्याकडे सोपवले. विम्बल्डनला प्रतिष्ठा अफाट होती, पण त्या प्रतिष्ठेचे रूपांतर उत्पन्नात होत नव्हते. सोपा उपाय समोर होता : कोर्टाच्या चारी बाजूंना जाहिरातींचे फलक लावायचे. मॅकॉर्मॅक यांनी उलट सल्ला दिला. हिरवळ, पांढरे कपडे आणि मोकळ्या हिरव्या भिंती हेच या स्पर्धेचे खरे धन आहे, ते झाकू नका. त्याऐवजी परदेशी टीव्ही वाहिन्यांकडून हक्कांची योग्य किंमत घ्या, नाव आणि चिन्ह वापरण्याचे परवाने काळजीपूर्वक द्या, कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी आदरातिथ्याची सोय विका आणि मोजक्याच भागीदारांना अगदी संयमाने जागा द्या. रोलेक्सचे घड्याळ १९७८ पासून तिथे आहे, पण ते वेळ दाखवते म्हणून आहे.

काय विकायचे नाही हे ठरवणे या धंद्यात सर्वांत अवघड असते. समोर आलेला पैसा नाकारल्याने दहा वर्षांनी अधिक पैसा येतो, हे संस्थेच्या मंडळाला पटवून देणे तर त्याहून अवघड. ते त्यांनी पटवले.

टीव्हीच्या व्यवसायात ते कसे शिरले?

‘ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल’, म्हणजे टीडब्ल्यूआय, ही आयएमजीची प्रक्षेपण शाखा. विचार सरळ होता. आपले खेळाडू टीव्हीवर दिसले तर त्यांचे मोल वाढते, मग कार्यक्रम आपणच का बनवू नयेत? पुढे ही शाखा स्पर्धांचे हक्क विकत घेणे, चित्रण करणे आणि देशोदेशी विकणे या कामात जगातल्या आघाडीच्या कंपन्यांत गणली जाऊ लागली.

त्यांच्यावर टीका कशाबद्दल होत असे?

हितसंबंधांच्या गुंत्याबद्दल. ही टीका रास्त होती असे मला वाटते.

इंग्लंडमधल्या वेंटवर्थ येथे १९६४ मध्ये सुरू झालेली ‘वर्ल्ड मॅच प्ले’ गोल्फ स्पर्धा घ्या. कल्पना मॅकॉर्मॅक यांची, अनेक निमंत्रित खेळाडू त्यांचे ग्राहक, आयोजन आणि प्रक्षेपणाचे व्यवहार त्यांच्या कंपनीकडे, आणि बीबीसीच्या समालोचन कक्षात गोल्फवर बोलायला बसलेले पुन्हा तेच. पहिली स्पर्धा जिंकली पामर यांनी. पामर त्या काळी तसेही सर्वांत बलाढ्य होते, त्यामुळे निकालावर कुणी संशय घेतला नाही. पण प्रायोजकाशी खेळाडूच्या वतीने भांडणारा आणि स्पर्धेच्या वतीने खर्च आटोक्यात ठेवणारा माणूस एकच असेल, तर तो नक्की कुणाचा वकील? टेनिसमध्येही ऐंशीच्या दशकात एजंट कंपन्यांनी स्पर्धांची मालकी घ्यावी की नाही, यावरून मोठे वाद झाले.

गोल्फच्या जागतिक क्रमवारीचेही तसेच. १९६८ पासून ते आपल्या वार्षिकात खेळाडूंची क्रमवारी छापत असत. १९८६ मध्ये तिच्या आधारे अधिकृत क्रमवारी सुरू झाली आणि बर्नहार्ड लँगर पहिले अव्वल खेळाडू ठरले. आज ती सर्वमान्य आहे. पण खेळाडूंच्या एजंटाने खेळाडूंची क्रमवारी लावायची, ही सुरुवात विचित्रच होती.

मॅकॉर्मॅक यांचा बचाव असा की, सगळे धागे एका हाती असल्यामुळेच नव्या स्पर्धा उभ्या राहिल्या. त्यात तथ्य आहे. तरीही ग्राहकाला आपला एजंट समोरच्या बाजूलाही बसला आहे हे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, आणि नको असेल तर वेगळा माणूस नेमण्याची मोकळीक असली पाहिजे.

एजंट किती टक्के घेतो?

आयएमजी साधारणपणे जाहिरात-करारांवर २० ते २५ टक्के आणि बक्षिसाच्या रकमेवर १० टक्क्यांच्या आसपास घेत असे. जास्त वाटते, पण जो करार एजंटाशिवाय झालाच नसता त्यातले हे टक्के आहेत. बक्षीस मात्र खेळाडूने स्वतःच्या मनगटावर मिळवलेले असते. त्यावरच्या कमिशनला पुढे अनेक नामवंत खेळाडूंनी हरकत घेतली, आणि मला ती पटते.

त्यांची कामाची पद्धत कशी होती?

पहाटे साडेचारच्या सुमारास दिवस सुरू. पिवळ्या कागदांची वही आणि छोटी कार्डे कायम जवळ. कुणाला कधी काय विचारायचे ते लिहून ठेवलेले. महिनोन्महिने पुढचा कार्यक्रम आखलेला, किती तास झोप झाली याचीही नोंद.

भारताशी त्यांच्या कंपनीचा काय संबंध आला?

आयपीएलच्या बराच आधी आला, आणि तो आपल्या घटनात्मक इतिहासात जाऊन बसला आहे.

१९९३ पर्यंत क्रिकेट म्हणजे दूरदर्शन. हक्क विकून मंडळाला पैसा मिळतो ही कल्पनाच रुजलेली नव्हती. त्या वर्षी इंग्लंडच्या भारत दौऱ्याचे हक्क भारतीय मंडळाने टीडब्ल्यूआयला सुमारे ६ लाख डॉलरना विकले आणि दूरदर्शनला ते सामने दाखवण्यासाठी त्या कंपनीकडे जावे लागले. त्याच वर्षी बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो कपचे हक्क टीडब्ल्यूआयला दिले. ईडन गार्डन्सवर सचिनने टाकलेले दक्षिण आफ्रिकेविरुद्धचे ते शेवटचे षटक याच स्पर्धेतले. सामने रंगत असताना सरकारी परवानग्यांवरून वाद पेटला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. भारतातल्या खासगी प्रक्षेपणाचा विचार या निकालाशिवाय करता येत नाही, आणि त्याच्या मुळाशी एका क्रीडा-एजंटाच्या कंपनीने केलेला प्रक्षेपणाचा करार आहे.

मॅकॉर्मॅक गेल्यानंतर, २००८ मध्ये, आयपीएलच्या उभारणीत आणि आयोजनात आयएमजीचा मोठा वाटा होता. २०१० मध्ये रिलायन्सबरोबर भागीदारीत आयएमजी-रिलायन्स स्थापन झाली आणि इंडियन सुपर लीग ही फुटबॉल स्पर्धा त्यातून आली.

आपल्याकडचा मॅकॉर्मॅक कोण?

मार्क मस्कारेन्हस. बंगळुरूत वाढलेल्या या माणसाने अमेरिकेत ‘वर्ल्डटेल’ कंपनी काढली, १९९६ च्या विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क घेतले आणि त्याआधी १९९५ मध्ये सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम ३० कोटी रुपयांच्या आसपास सांगितली जाते. भारतीय क्रिकेटपटूचे नाव इतक्या किमतीला जाऊ शकते यावर तेव्हा विश्वास बसत नव्हता. खेळाडू आणि प्रक्षेपण दोन्ही हाती ठेवण्याची पद्धत मॅकॉर्मॅक यांच्यासारखीच होती. जानेवारी २००२ मध्ये नागपूरजवळ मोटार अपघातात मस्कारेन्हस यांचा मृत्यू झाला. पन्नाशीही गाठली नव्हती. आपल्या क्रीडाव्यवसायाच्या इतिहासात त्यांच्यावर याहून कितीतरी अधिक लिहिले जायला हवे.

मॅकॉर्मॅक यांनी पुस्तके लिहिली का?

हो. १९८४ चे ‘व्हॉट दे डोन्ट टीच यू ॲट हार्वर्ड बिझनेस स्कूल’ खूप खपले. माणसे ओळखणे, ऐकून घेणे, गप्प राहणे यांवर त्यात भर आहे.

त्यांच्यानंतर आयएमजीचे काय झाले?

जानेवारी २००३ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते कोमात गेले आणि मे महिन्यात वारले. तेव्हा कंपनीची कार्यालये ३० हून अधिक देशांत होती. २००४ मध्ये फोर्स्टमन लिटल या गुंतवणूक कंपनीने आयएमजी सुमारे ७५ कोटी डॉलरना विकत घेतली. दहा वर्षांनी विल्यम मॉरिस एंडेव्हर आणि सिल्व्हर लेक यांनी ती २०० कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली. २०२५ मध्ये तिचा मोठा भाग टीकेओ या समूहाकडे गेला. २००६ मध्ये मॅकॉर्मॅक यांना वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये आणि २००८ मध्ये टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा क्रीडा-व्यवस्थापन विभाग आज त्यांच्या नावाने चालतो.